काटा रुतल्यावर

श्रोतेहो, तलासरीकडे गवत कापताना पायात काटा रुतला, की पू धरतो, जांघेत अवधाण येते. का बरे?

1882 साली सिसिलीत मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींची गर्दी! अशा जंतू गिळणाऱ्या थोराड पेशींना त्याने ‘मॅक्रोफेज’, म्हणजे महाभक्षी, म्हटले. या बहुधा जागच्या जागी खातात.

1973 साली स्टाइनमन आणि कोन यांनी दुसऱ्या पेशी दाखवल्या, फांद्या फुटल्यासारख्या. या खातात थोडे. पण जंतूचा अंश घेऊन जांघेतल्या गाठीपर्यंत जातात आणि तिथल्या लढाऊ पेशींना शत्रूची ओळख पटवतात. धनुर्वाताची लसही याच वाटेने लागू पडते. तेव्हा काटा निघाला तरी लस राहिली आहे का, हे दवाखान्यात विचाराच.

मात्र नुसत्या रूपावरून वर्ग पाडणे फसवे. डहाणूचे चिकूचे कलम पाहा: वर चिकू, बुडखा खिरणीचा! (गुरुजी, मुलांना बागेत नेऊन दाखवा.) पूर्वी सारे महाभक्षी रक्तातल्या मोनोसाइट पेशींपासून होतात असे मानीत. पुढे कळले, मेंदूतले महाभक्षी गर्भातच येऊन वसतात. म्हणून 2014 साली काही शास्त्रज्ञांनी सुचवले, आधी मूळ बघा, मग ठिकाण आणि काम.