‘लुक आफ्टर’ म्हणजे नंतर बघणे नव्हे

‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणे कसं? ‘लुक आफ्टर’चा अर्थ नंतर बघणे नसून सांभाळणे का? वाशीम, रिसोड, कारंजाच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं फ्रेझल व्हर्बच्या धड्यावर अडतात आणि शेवटी म्हणतात, ‘याले काही नियम नाही, पाठच करा लागते.’ या एका वाक्यामागे बरेच गैरसमज दडलेले आहेत आणि ते मुलांचा फार वेळ खातात.

त्यातला सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज म्हणजे असली क्रियापदं आपल्या भाषेत नाहीतच. आपलं बोलणं जरा कान देऊन ऐकलं तर काय दिसतं? वऱ्हाडी माणूस म्हणतो, ‘तो जेवून राहिला.’ इथे कोणी कुठे राहायला गेलेलं नसतं, जेवण चालू आहे एवढंच. ‘विहीर आटून गेली’ म्हणताना विहीर जागची हलत नाही आणि ‘सांगून टाक’मध्ये काही फेकायचं नसतं. दुसरं क्रियापद स्वतःचा अर्थ बाजूला ठेवतं आणि पहिल्याला पूर्णता देतं, जोर देतं किंवा काम चालू असल्याचं दाखवतं. इंग्रजीत याच धर्तीचं काम ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ हे छोटे शब्द करतात. ‘द वेल ड्राइड अप’ म्हणजे विहीर आटून गेली, थेंब उरला नाही. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘युज अप’ म्हणजे वापरून संपवणे. या तिन्ही ठिकाणी ‘अप’चा वर-खालीशी काही संबंध नाही, तो ‘पूर्णपणे’ एवढंच सांगतो. ‘ऑफ’ पुष्कळदा तोडतो किंवा लांब सारतो: ‘कट ऑफ’, ‘स्विच ऑफ’, ‘पुट ऑफ’. पावसाने ओढ दिली आणि शेतकऱ्यांनी सोयाबीनची पेरणी लांबणीवर टाकली, तर ‘दे पुट ऑफ सोइंग’.

एक फरक मात्र मान्य केला पाहिजे. मराठीतलं दुसरं क्रियापद मूळ अर्थ फारसा हलवत नाही, इंग्रजीतला छोटा शब्द कधीकधी तो पार बदलून टाकतो. पण तीही गोष्ट आपल्याला परकी नाही. संस्कृतातल्या एका ‘हृ’ धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार आणि संहार झाले, आणि हे चारही शब्द आपण अर्थाची गल्लत न करता वापरतो. ‘लुक’चंही तसंच: ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणे.

‘फ्रेझल व्हर्ब म्हणजे गप्पांमधलं हलकं इंग्रजी, अर्जात आणि निबंधात मोठे शब्द हवेत,’ हा सल्ला शिकवणीच्या वर्गात सर्रास मिळतो. भारतीय संविधानाचं कलम 19 उघडून पाहावं. व्यवसाय-धंदा करण्याचा हक्क देताना तिथे ‘कॅरी ऑन’ हेच क्रियापद आलं आहे. संशोधन, सर्वेक्षण किंवा आदेशाची अंमलबजावणी यांबद्दल लिहिताना ‘कॅरी आउट’ आणि संस्था स्थापन करण्याबद्दल लिहिताना ‘सेट अप’ अहवालांतही वापरतात. काही फ्रेझल व्हर्ब खरोखर घरगुती असतात, पण म्हणून सगळ्यांना अर्जातून हाकलण्याचं कारण नाही. उलट पाहुण्याला दारात ‘प्लीज एंटर’ म्हणणं कानाला खटकतं, ‘कम इन’ सहज वाटतं. 2000-01 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतलं सहा वर्षांचं मूलही ‘मे आय कम इन, सर?’ विचारतं. त्याचं पहिलं फ्रेझल व्हर्ब तेच.

आता पाठांतराकडे येऊ. ‘हजार फ्रेझल व्हर्ब’ असली पुस्तकं खपतात, कारण सगळी यादी आल्याशिवाय भागत नाही असं मुलांना वाटतं. गार्डनर आणि डेव्हिस या संशोधकांनी 2007 मध्ये ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा सुमारे 10 कोटी शब्दांचा संग्रह तपासला. त्यात फ्रेझल व्हर्ब 5,18,923 वेळा आली होती, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक ठिकाणं फक्त 100 क्रियापदांनी व्यापली होती. नुसती पहिली 25 घेतली तरी जवळपास एक तृतीयांश होतात. म्हणजे यादी छोटी आहे. मेहनत दुसरीकडे लागते: या 100 रूपांचे मिळून 559 अर्थ संभवतात. ‘पिक अप’चंच बघा. फोन उचलणे, मुलीला शाळेतून घेऊन येणे, ऐकून-ऐकून भाषा शिकणे, आणि बाजार समितीत सोयाबीनचे भाव वधारले तर ‘प्राइसेस पिक्ड अप’. यादीत एका शब्दासमोर एकच मराठी अर्थ लिहिला की बाकीचे सगळे हातचे जातात. म्हणून एका अर्थाला आपल्या ओळखीचं एक पूर्ण वाक्य जोडावं: मोटर बंद पडली, ‘द पंप ब्रोक डाउन’; डिझेल संपलं, ‘वी रॅन आउट ऑफ डिझेल’; लाइट गेली, ‘द लाइट्स वेंट आउट’.

यातले कितीतरी शब्द आपण नाम म्हणून रोज वापरतो: पिकअप गाडी, चेकअप, बॅकअप, लॉगिन, क्रिकेटमधला फॉलोऑन. घोटाळा होतो तो त्यांचं क्रियापद करताना. इंग्रजीत नाम जोडून किंवा मधे छोटी रेघ देऊन लिहितात आणि आघात पहिल्या भागावर देतात. क्रियापद सुटं असतं आणि जोर सहसा छोट्या शब्दावर येतो. भूतकाळाचं रूप मूळ क्रियापदाचं होतं. ‘पिकअप्ड’ चूक, ‘पिक्ड अप’ बरोबर. ‘लॉगिन्ड’ चूक, ‘लॉग्ड इन’ बरोबर. सर्वनामाची जागाही ठरलेली आहे. ‘टर्न ऑफ द पंप’ आणि ‘टर्न द पंप ऑफ’ दोन्ही चालतात, पण ‘पंप’ऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसतं: ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’ मात्र फुटत नाही, तिथे ‘लुक आफ्टर हर’च. कोणतं फुटतं हे ओळखायला विद्यार्थ्यांसाठीचा चांगला शब्दकोश पाहावा. त्यात ‘टर्न समथिंग ऑफ’ असं छापलेलं असतं आणि ‘समथिंग’ची जागा उत्तर देते.

शेवटचा गैरसमज आपल्याकडच्या सवयीतून आला आहे: छोटा शब्द जोडला की इंग्रजी जास्त अस्सल होतं. ‘कोप अप विथ’ आपल्याकडे पदवीधरही लिहितात, बरोबर रूप ‘कोप विथ’. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ आणि ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ही नको. काही प्रयोग चुकीचे नाहीत, फक्त भारतापुरते आहेत. साहेबांसमोर फाइल ‘पुट अप’ करणं इथल्या प्रत्येक सरकारी कार्यालयात चालतं, पण परदेशातल्या कंपनीला लिहिताना तिथे ‘सबमिट’ वापरलेलं बरं. बायोडेटात ‘आय पास्ड आउट इन 2022’ लिहिणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. भारतात त्याचा अर्थ शिक्षण पूर्ण झालं असा होतो, पण बाहेरचा वाचक पहिल्यांदा ‘मी 2022 मध्ये बेशुद्ध पडलो’ असाच वाचेल. तिथे ‘आय ग्रॅज्युएटेड इन 2022’ लिहावं.