पट्टी डोळ्यांवर, फट नाकापाशी

साताऱ्याचं सैनिक स्कूल 1961 चं, देशातलं पहिलं. तिथल्या प्रवेशपरीक्षेसाठी, नाहीतर नवोदय-स्कॉलरशिपसाठी पोरांना चौथी-पाचवीपासून जुंपणारे पालक साताऱ्यात आणि सांगलीत कमी नाहीत. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’वाल्यांना असंच गिऱ्हाईक लागतं. मध्यमेंदू जागा केला की मूल डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचतं, अभ्यासही आपोआप सुधारतो, असा त्यांचा दावा. फी अर्थातच हजारांत.

मुळात मध्यमेंदू झोपलेला नसतोच. मेंदूच्या देठाचा हा सगळ्यात वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग. डोळ्यांत बॅटरी मारली की बाहुली आकसते, मागून हॉर्न वाजला की नजर तिकडे वळते, ती याच्यामुळे. त्यातल्या काळसर पेशी डोपामिन तयार करतात. त्या मरत गेल्या की हात थरथरतो, चाल मंदावते. तोच कंपवात. हा भाग खरोखर बंद पडला तर माणूस बेशुद्धीत जातो. तेव्हा ‘सुरू करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे कशाचे द्यायचे?

शिवाय वाचणं हे त्याचं कामच नाही. दिसलेल्याची उकल होते डोक्याच्या मागच्या बाजूला, पश्चखंडात, आणि तिथे जाणारी वाट डोळ्याच्या पडद्यापासून निघते. उजेड आत गेला नाही तर अक्षर कुठल्याच भागाला कळणार नाही.

मग पोरं वाचतात कशी? नाकाच्या दोन्ही अंगांना पट्टी नीट टेकत नाही. त्या फटीतून खाली धरलेलं पान दिसतं. म्हणूनच मूल मान किंचित वर करतं, कार्ड पोटाशी धरतं. हनुवटीखाली आडवा पुठ्ठा लावा, वाचन थांबतं. त्यावरून मुलावर मात्र चिडू नये. आई-बाबांनी पैसे भरलेत, समोर सभा भरलीय, अशा वेळी ‘मी फटीतून बघतो’ म्हणायची हिंमत त्याला कुठून येणार?

याच क्लासमध्ये ‘डावा मेंदू गणिताचा, उजवा कलेचा’ हेही ऐकवतात. बहुतेकांची भाषेची केंद्रं डावीकडे असतात, एवढं खरं. रॉजर स्पेरी यांना 1981 चं नोबेल मिळालं ते अपस्मारावर उपाय म्हणून दोन अर्धगोलांमधला पूल कापलेल्या रुग्णांच्या अभ्यासासाठी. तुमच्या पोराचा सुमारे 20 कोटी तंतूंचा पूल शाबूत आहे; गणितालाही दोन्ही बाजू राबतात.

राहिला ‘आपण दहाच टक्के मेंदू वापरतो’ हा दावा. शरीराच्या दोन टक्के वजनाचा हा अवयव वीस टक्के ऊर्जा खातो. उरलेला नव्वद टक्के निकामी असता तर लहानशा गुठळीने कुणाच्या अंगावरून वारं गेलं नसतं.

साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती (अंनिस) उभी केली. दावा तपासायचा तो दावेदाराच्या अटींवर नव्हे, हा या चळवळीचा शिरस्ता. क्लासचा डेमो बघायला जायचंच असेल, तर पट्टी आपली न्यावी: पोहण्याचा गॉगल, आतून काळा कागद चिकटवलेला. पुस्तकही घरचंच न्यावं.