कादंबरी आधी ठरते की लिहिता लिहिता? फ्लोबेरच्या कच्च्या कागदांवरून

कादंबरी लिहू पाहणाऱ्यांचे साधारण दोन पंथ असतात. एक म्हणतो, आधी पूर्ण आराखडा करा, प्रकरणं ठरवा, मग लेखणी उचला. दुसरा म्हणतो, लिहायला बसा, पात्रं आपोआप वाट दाखवतील. दोघांकडेही मोठ्या लेखकांची नावं तयार असतात. पण लेखक मुलाखतीत किंवा आत्मचरित्रात जे सांगतो ती आठवण असते, पुरावा नव्हे. पुरावा हवा तर कच्चे कागद बघावे लागतात. माझं संशोधन याच कागदांभोवती फिरतं. या अभ्यासशाखेला फ्रेंचमध्ये 'क्रितीक जेनेतिक' म्हणतात. म्हणजे काय, तर छापील पुस्तक बाजूला ठेवायचं आणि ते कसं घडत गेलं याचा माग हस्तलिखितांतून काढायचा.

यासाठी गुस्ताव फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'इतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल. सप्टेंबर 1851 मध्ये त्याने लिहायला सुरुवात केली आणि 1856 च्या वसंतात काम संपवलं. साडेचार वर्षं! आराखडे, कच्चे खर्डे, स्वच्छ प्रत आणि लेखनिकाने केलेली नक्कल असं सगळं मिळून सुमारे साडेचार हजार पानं फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या ग्रंथालयात आहेत. 2009 मध्ये ती सगळी, स्वयंसेवकांनी अक्षर लावून केलेल्या वाचनासह, इंटरनेटवर आली.

टप्पे कोणते?

पहिला टप्पा आराखड्यांचा. यात पूर्ण वाक्यं कमीच, तुटक नोंदी जास्त: कोण, कुठे, मग काय. गंमत म्हणजे सुरुवातीच्या आराखड्यात नायिकेचं नाव एम्मा नाहीच, मारी आहे. त्याच्याही आधीची कल्पना तर आणखी वेगळी होती. 1857 च्या एका पत्रात फ्लोबेर सांगतो की मूळ नायिका खेड्यात राहणारी अविवाहित स्त्री होती. ती झुरत, भक्तीत आणि स्वप्नातल्या प्रेमात म्हातारी होणार होती. परिसर तोच राहिला, बाई बदलली.

दुसरा टप्पा खर्ड्यांचा, आणि खरी मेहनत इथेच आहे. फ्लोबेर पानाच्या डाव्या बाजूला भलामोठा समास सोडायचा. मधला मजकूर खोडायचा, समासात नवा लिहायचा, तोही खोडायचा. पान अगदी भरलं की सगळं नव्या कागदावर उतरवायचं आणि जुन्या पानावर मोठी फुली मारायची. त्यामुळे फुली दिसली की 'हे टाकून दिलं' असं समजायचं नाही. बहुतेक वेळा तिचा अर्थ 'हे पुढे नेलं' एवढाच असतो. काही पानं अशी दहा-दहा वेळा लिहिलेली आहेत.

मग स्वच्छ प्रत, मग लेखनिकाची नक्कल. आणि नकलेवरही काटछाट चालूच.

पानांचा क्रम कसा लावायचा?

खर्ड्यांवर तारखा नसतात. मग कुठलं पान आधीचं, कुठलं नंतरचं? युक्ती साधी आहे. एका पानावर समासात घातलेलं वाक्य दुसऱ्या पानावर सरळ ओळीत आलं असेल, तर दुसरं पान नंतरचं. अशी कडी कडीला जोडत जायची. तारखांसाठी त्याची पत्रं उपयोगी पडतात, विशेषतः कवयित्री लुईझ कोले हिला लिहिलेली. कृषिमेळ्याच्या प्रसंगाने 1853 चा जुलै ते डिसेंबर एवढा काळ खाल्ला, हे आपल्याला पत्रांवरूनच कळतं. 1854 नंतर मात्र ही पत्रं जवळजवळ थांबतात. त्यामुळे कादंबरीच्या उत्तरार्धाची दिनदर्शिका पूर्वार्धाइतकी स्पष्ट नाही. प्रियकर-प्रेयसीच्या भांडणाचा फटका संशोधकांना असाही बसतो!

मग आराखडा जिंकला की लिखाण?

वरवर पाहता आराखडा जिंकला असं वाटेल. पण नीट बघितलं की दिसतं, आराखडे सुरुवातीला संपत नाहीत. पुढचा भाग हाती घेताना फ्लोबेर त्या भागाचा नवा, बारीक आराखडा करतो, आणि तो करताना आधीच्या लिखाणातून जे हाती लागलं ते त्यात घेतो. म्हणजे आराखडा आणि खर्डा हे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकामागून एक येत नाहीत. विणकामातल्या उभ्या-आडव्या धाग्यांसारखे ते एकमेकांत जातात. मेळ्याचा प्रसंगच घ्या. भाषणं, गुरांचं हंबरणं आणि प्रेमाची बोलणी एकाच वेळी ऐकू यावीत हे त्याने आधीच ठरवलं होतं. पण कुठलं वाक्य कुठे तोडायचं, हे कापाकापी करतानाच ठरलं.

एक गाळलेला प्रसंग मला फार आवडतो. मोठ्या हवेलीतल्या नाचाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एम्मा एका छोट्या मंडपातल्या रंगीत काचांमधून बाहेरचा परिसर बघते. प्रत्येक रंगातून तोच देखावा वेगळा. शेवटी साध्या काचेतून. छापील कादंबरीत हे नाही. का काढलं? माझा अंदाज असा: एम्मा जगाकडे कशी बघते हे तो प्रसंग फार उघडपणे सांगून टाकतो. प्रसंग सुंदर होता, पण कादंबरी जे चारशे पानांत हळूहळू करते, ते त्याने एकाच पानात उरकलं असतं. असा निर्णय आराखड्यात घेता येत नाही. लिहून बघितल्यावरच घेता येतो.

आपल्यासाठी यात काय?

आज आपण संगणकावर लिहितो. खोडलेलं वाक्य समासात उरत नाही, नाहीसंच होतं. उद्याच्या अभ्यासकाला एकच शेवटची फाइल मिळेल, आणि कादंबरी जणू एका बैठकीत उतरली असं वाटेल. अभ्यासकाचं सोडा, लेखकाचंही नुकसान आहे. वाट कुठे वळली हे विसरलं, की पुढच्या कादंबरीला पुन्हा शून्यापासून सुरुवात.

म्हणून तुम्ही लिहीत असाल, तर एवढंच करा: रोज नव्या नावाने, तारीख घालून फाइल जतन करा. कागदावर लिहीत असाल, तर वह्या रद्दीत देऊ नका. आणि घरात कुणा लेखकाचे जुने खर्डे पडले असतील, तर झाडझूड करण्याआधी एकदा उघडून बघा.