ड्रायर चालत नाही, तेव्हा वीज नेमकी कुठे अडते?

घरातली विजेची उपकरणं समजून घेण्याच्या या मालेत आज आपण कपडे वाळवायच्या ड्रायरकडे आलो आहोत. घाटकोपरमध्ये हा विषय पावसाळ्यात का घ्यायचा, हे वेगळं सांगायला नको. जुलैत गॅलरीत टाकलेली चादर दोन-दोन दिवस ओली राहते, कुबट वास धरते. मग ड्रायर घरात येतो, आणि त्याच्या मागोमाग "चालतच नाही हो" ही तक्रारही येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधल्या, कपडे गरागरा फिरवून पाणी काढणाऱ्या भागालाही आपण ड्रायरच म्हणतो. त्यात हीटर नसतो. आपण बोलतोय ते गरम हवेने कपडे वाळवणाऱ्या यंत्राबद्दल. हीटरवर चालणारं असं यंत्र साधारण २००० ते २५०० वॉट घेतं. २३० व्होल्टवर हिशेब करा: ९ ते ११ अँपिअर. पंख्याला लागतो त्याच्या कितीतरी पट, आणि तोही तासभर सलग. आजच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या आकड्यात आहे.

इंटरनेटवर शोधलं तर बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले मिळतात. "ड्रम फिरतो पण गरम होत नाही, म्हणजे अर्धा पुरवठा गेला" असं त्यात सांगतात. तिथे ते बरोबर आहे. तिकडे घरात दोन जिवंत तारा येतात. मोटर एका तारेवर १२० व्होल्टने चालते आणि हीटर दोन्ही तारांच्या मध्ये २४० व्होल्टवर. एक तार गेली की ड्रम फिरतो, कपडे मात्र गार. आपल्याकडे मोटर आणि हीटर दोन्ही एकाच फेज आणि न्यूट्रलवर चालतात. त्यामुळे आपल्याकडे ड्रम नीट फिरतोय आणि गरमी अजिबात नाही, तर दोष बहुधा यंत्रात आहे: हीटर, थर्मोस्टॅट किंवा उष्णतेने तुटणारा फ्यूज. ते काम मेकॅनिकचं.

आता पुरवठ्याच्या दोषाकडे येऊ. यात यंत्र उघडायचं नाही, यंत्रापासून मीटरकडे उलटं चालत जायचं.

पहिला थांबा प्लग. दार नीट लागलंय ना, बटण चालू आहे ना, एवढं बघून झालं की यंत्र बंद करा, बोर्डाचं बटण बंद करा आणि प्लग काढा. पिन काळी पडली आहे का? प्लास्टिक पिवळं पडलंय, जळका वास येतोय? तसं असेल तर शोध तिथेच संपला. सैल संपर्कात अर्धा ओहम रोध असला आणि त्यातून १० अँपिअर गेले, तर त्या एका पिनेपाशी ५० वॉट उष्णता तयार होते. म्हणजे २५ वॉटच्या दोन सोल्डरिंग आयर्न तुमच्या बोर्डात चालू ठेवल्यासारखं. आग अशीच लागते. ड्रायरला १६ अँपिअरचा, जाड पिनांचा पॉवर पॉइंटच हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, तीनाची दोन पिन करणारा अडॅप्टर तर नकोच, कारण त्याने अर्थिंग तुटतं.

दुसरा थांबा एमसीबी. चालू करताक्षणी पडला तर शॉर्ट. थोड्या वेळाने पडला तर बहुतेक भार जास्त. ड्रायर आणि गीझर एकाच लाइनवर आहेत का बघा. आरसीसीबी पडला तर करंट कुठेतरी गळतोय, बरेचदा ओलाव्यामुळे. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवू नका. तो तारेला वाचवतोय. मोठा बसवला की तोच राहील आणि तार जळेल.

तिसरा दोष सगळ्यात फसवा: वीज आहे, पण अपुरी. टेस्टर लावला तर दिवा लागतो. पण टेस्टर फक्त फेज आहे एवढंच सांगतो, व्होल्टेज किती ते सांगत नाही. न्यूट्रल तुटलेला असेल आणि काही उपकरण चालू असेल, तर दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि यंत्र मात्र ढिम्म. म्हणून प्लगमध्ये लावायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा. ड्रायर बंद असताना आकडा बघा, मग चालू करून बघा. २२८ चे २२२ झाले तर ठीक. २२८ चे १८५ झाले तर वाटेत तार बारीक आहे किंवा सांधा सैल आहे. आता व्होल्टमीटर दुसऱ्या खोलीतल्या, वेगळ्या एमसीबीवरच्या सॉकेटमध्ये लावा. तिथे आकडा पडत नसेल तर दोष या लाइनमध्ये. तिथेही पडत असेल तर दोष मेनकडे, मीटरकडे किंवा त्याच्याही मागे. पंखे आणि ट्यूबलाइटच्या हिशेबाने वायरिंग झालेल्या जुन्या इमारतींत हे नेहमी सापडतं. आणि १८० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर जेमतेम १२२५ वॉट देतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. कपडे वाळत नाहीत, मोटर घुमते आणि तापते.

एक खूण मात्र कायम लक्षात ठेवा. घरातले दिवे अचानक लख्ख झाले आणि शेजाऱ्यांचे मंद, किंवा उलट, तर इमारतीचा न्यूट्रल सुटलेला असू शकतो. एका घरात १५० व्होल्ट, दुसऱ्यात ३०० असा प्रकार होतो. लगेच मेन स्विच बंद करा, शेजाऱ्यांना सांगा आणि वीज कंपनीला फोन करा. मीटर केबिनमध्ये स्वतः हात घालू नका. घरातल्या वायरिंगचं कामही परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

शेवटी श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न: "स्टॅबिलायझर लावला तर भागेल का?" सांधा सैल असेल तर नाही, उलट धोका वाढेल. पडलेलं व्होल्टेज वर उचलायला स्टॅबिलायझर मागून जास्त करंट ओढतो, म्हणजे तोच सैल सांधा आणखी तापतो. ड्रायर छान चालेल, आणि भिंतीत काय जळतंय ते कळणार नाही. म्हणून आधी सांधा शोधायचा. तो घट्ट केल्यावर बहुतेक घरांत स्टॅबिलायझरची गरजच उरत नाही.