सहस्राराच्या आधी जेवण आणि झोप

जून उजाडला की योग दिनाचे फलक लागतात. अंधेरीच्या स्टेशनबाहेर, बोरिवलीच्या हौसिंग सोसायट्यांच्या फाटकांवर, घाटकोपर-मुलुंडच्या सभागृहांसमोर. आसन-प्राणायामाच्या वर्गांबद्दल तक्रार नाही. ते बारा महिने चालतात आणि चालावेत. मला बोलायचंय ते ‘चक्र जागृती’च्या कार्यशाळांबद्दल. फलकावर पद्मासनातली आकृती, पाठीच्या कण्यावर इंद्रधनुष्याचे ठिपके, टाळूवर जांभळं कमळ, आणि खाली आश्वासन: शनिवार-रविवारच्या सत्रांत सहस्रार उघडेल, उच्च चेतनेचा अनुभव येईल.

आधी त्या जांभळ्या रंगाचं पाहू. चक्रांबद्दल आज जे काही छापलं जातं, त्यातल्या बऱ्याचशा मजकुराचा मूळ आधार म्हणजे बंगालच्या पूर्णानंदांचं ‘षट्चक्रनिरूपण’. ते 1577चं. नावाप्रमाणे त्यात चक्रं सहा. सहस्रार त्या मोजणीच्या पलीकडे, वर. त्यातलं हजार पाकळ्यांचं कमळ पौर्णिमेच्या चंद्राहून शुभ्र आहे आणि त्याचं तोंड खाली आहे. पाकळ्यांवर वर्णमालेची पन्नास अक्षरं, वीस वेळा फिरवून हजार. इतर तंत्रग्रंथांत चक्रांची संख्या आणि जागा वेगवेगळ्या आहेत. कलकत्त्याचे न्यायमूर्ती जॉन वुड्रॉफ यांनी हा ग्रंथ 1919च्या ‘द सर्पंट पॉवर’मध्ये इंग्रजीत नेला. 1927मध्ये थिऑसॉफिस्ट लेडबीटर यांनी आपल्याला दिसलेल्या रंगांसह चक्रांचं पुस्तक काढलं, आणि तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतची नीट रांग लागली ती 1970च्या दशकात, अमेरिकेत. बोरिवलीच्या फलकावरचं जांभळं सहस्रार तिथून आलेलं आहे. प्राचीन म्हणून ते खपवू नये, एवढंच माझं म्हणणं.

आपल्याकडे याहून जुनी आणि कितीतरी समृद्ध गोष्ट आहे, आणि ती मराठीत आहे. शके 1212, म्हणजे 1290मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय. गीतेच्या मूळ श्लोकांत कुंडलिनीचं, म्हणजे चक्रांतून वर चढणाऱ्या सुप्त शक्तीचं, नाव नाही. ज्ञानदेवांनी ते आणलं नाथपंथातून: गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ते स्वतः. संस्कृत न येणाऱ्या श्रोत्यांसमोर त्यांनी हे गुह्य उघड केलं, आणि तेही असं, की अंगावर काटा यावा. कुंकवात न्हाऊन निघालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजावं तशी ती शक्ती. मूळबंधाच्या उष्णतेनं ती जागी होते आणि भुकेली होते. मग ती हृदयाखालचं मांस खाते, तळहात-तळपाय शोधते, हाडांतला रस ओढते, सप्तधातू पिऊन टाकते. शरीर वाळतं. त्यानंतर वरचं चंद्रामृताचं तळं कलंडतं, ते अमृत सर्वांगात भिनतं, जुनी कातडी गळते आणि आतून नवी कांती येते. शेवटी ती शक्ती स्वतःचं नावही सोडते, नुसता वायू उरतो आणि ब्रह्मरंध्रापाशी, म्हणजे टाळूशी, आकाशात मिळून जातो.

अनुभवाशिवाय असं लिहिता येत नाही, असं मला वाटतं. पण माझा मुद्दा त्यापुढचा आहे. एवढं ऐकल्यावर अर्जुन विचारतो, की हे कुणालाही साधेल का, योग्यता लागत असेल ना? ज्ञानदेवांचा कृष्ण त्यावर जे सांगतो, ते प्रत्येक कार्यशाळेच्या दारावर लावावं. हा माल सहजासहजी मिळणारा नाही, आणि योग्यतेची काही वेगळी खाणही नसते; जो थोडा विरक्त आहे आणि देहाचे व्यवहार नेमानं करतो, तोच अधिकारी. लगेच विषय येतो आहाराचा आणि झोपेचा. खूप खाऊ नका, उपाशी राहू नका, फार झोपू नका, जागरणंही करू नका. ब्रह्मरंध्रापर्यंत नेऊन ज्ञानदेव श्रोत्याला ताटाशी आणि अंथरुणाशी परत आणतात. बाराव्या अध्यायात तर ते आणखी स्पष्ट आहेत: हा खडतर योग करणाऱ्याला भक्ताहून अधिक काही मिळत नाही, कष्ट तेवढे जास्त.

हे कमळ डोक्यात खरोखर असतं का, हा प्रश्नही आपल्याकडे नवा नाही. स्वामी दयानंदांनी तरुणपणी गंगेत वाहत आलेलं प्रेत काठावर ओढून सुरीनं फाडलं, ग्रंथातल्या चक्रांशी ताडून पाहिलं, काहीच जुळेना तेव्हा प्रेतासोबत पुस्तकंही नदीत सोडली. हेच दयानंद पुढे 1875मध्ये मुंबईत आर्य समाज स्थापणार होते. अर्ध्या शतकानंतर मुंबईच्याच डॉ. वसंत रेळ्यांनी उलट दिशेनं प्रयत्न केला. 1927च्या ‘द मिस्टीरियस कुंडलिनी’ या पुस्तकात त्यांनी मांडलं की कुंडलिनी म्हणजे उजवा व्हेगस मज्जातंतू. प्रस्तावना वुड्रॉफ यांचीच, आणि प्रस्तावनेतच त्यांनी नम्रपणे असहमती नोंदवली: ही शक्ती म्हणजे एखादी नस नव्हे. आज ‘व्हेगस’चं नाव घेऊन प्राणायाम विकणाऱ्यांना रेळे माहीत नसतात. त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, पण लेखकाला आपल्याच ग्रंथात असा विरोध छापायला लावणारा तो काळ मला फार मोलाचा वाटतो.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी वेगळा रस्ता धरला. चक्रं शोधण्याऐवजी त्यांनी मोजता येईल ते मोजलं. क्ष-किरण लावून उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया तपासल्या. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, म्हणून बस्तीत, म्हणजे आतडं धुण्याच्या क्रियेत, पाणी आपोआप वर खेचलं जातं, हे दाखवून दिलं आणि त्याला गुरूंचं नाव दिलं: ‘माधवदास व्हॅक्यूम’. 1924मध्ये लोणावळ्याचं कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झालं.

त्याच गुरूंचे, म्हणजे मालसरच्या परमहंस माधवदासांचे, दुसरे शिष्य मणिभाई देसाई, पुढचे श्री योगेंद्र. उपनगरांचा खरा वारसा इथे आहे. 25 डिसेंबर 1918 रोजी त्यांनी ‘द योगा इन्स्टिट्यूट’ सुरू केली ती वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या ‘द सँड्स’ या समुद्रकाठच्या बंगल्यात. तेव्हाचं वर्सोवा म्हणजे कोळीवाडा आणि वाळू. संन्यास नाही, सिद्धींचं प्रदर्शन नाही. आजारी, संसारी माणसाला योग शिकवायचा, एवढंच ध्येय. सीतादेवी योगेंद्र यांनी 1934मध्ये स्त्रियांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं. 1948पासून संस्था सांताक्रूझ पूर्वेला आहे. योगेंद्रांना सहस्रार ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांनी ते वर्गाच्या फलकावर आणलं नाही.

तीव्र साधनेचे धोके खरे आहेत. काश्मीरचे गोपी कृष्ण हे साधे सरकारी नोकर होते. वर्षानुवर्षं पहाटे मस्तकावर ध्यान लावल्यावर 1937मध्ये जम्मूत त्यांना प्रकाशाचा लोट उसळल्याचा अनुभव आला. त्यानंतर अंगाची आग, निद्रानाश, वेड लागण्याची भीती हे दीर्घकाळ चाललं. यातून तगायला काय उपयोगी पडलं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय: ठरल्या वेळचं जेवण. ज्ञानदेवांचीच सूचना, साडेसहाशे वर्षांनंतर.

म्हणून विनंती आहे. कार्यशाळेचे पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याला विचारा: तुम्ही स्वतः कुणाकडे, किती वर्षं शिकलात? सत्रानंतर कुणाची झोप उडाली, भीती वाटू लागली, तर तुम्ही काय करता? औषधं चालू असतील तर ती सोडायला सांगता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर तिथून निघा. घरात सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी असेल तर सहावा अध्याय काढा. कुंडलिनीच्या ओव्यांवर थांबू नका, आहार-निद्रेच्या ओव्यांपर्यंत वाचा. आणि ध्यानानंतर घरातल्या कुणाचं मन थाऱ्यावर राहत नसेल, तर ती ‘जागृती’ समजून वाट पाहू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.