परदेशी बिऱ्हाड – भाग 9 : गाडीचं पूर्वायुष्य

गेल्या भागात आपण घराच्या किल्ल्या हातात पडेपर्यंत आलो होतो. किल्ल्यांबरोबर घरमालक आजोबांनी एक कागदही दिला होता. तो मी घाईत फ्रीजवर ठेवला आणि विसरले. दुसऱ्या दिवशी त्याच कागदासाठी आम्ही दोघं खोकी उपसत होतो. वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग असं त्याचं आगगाडीएवढं नाव. अमुक तारखेला ही माणसं माझ्या घरात राहायला आली, एवढंच घरमालक त्यात सहीनिशी लिहून देतो. भाडेकरार कितीही जाडजूड असला तरी तो दाखवून भागत नाही, हाच कागद लागतो. घरमालकाला तो द्यावाच लागतो, कायदाच आहे तसा.

जर्मनीत घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा असतो. त्याला म्हणतात आनमेल्डुंग. नुसतं नाव टिपून घेण्यासारखं काम, पंधरा मिनिटांत उरकतं. पण पुढचं सगळं त्याला टांगलेलं. अकरा आकडी करक्रमांक त्यानंतर टपालानं येतो. रेडिओ-टीव्हीची महिना 18.36 युरो वर्गणी मागणारं पत्रही मागोमाग येतं, घरात टीव्ही असो वा नसो. अर्जात धर्माचा एक रकाना आहे, तो मात्र विचार करून भरा. इथे चर्चचे सभासद असाल तर आयकराच्या 8 किंवा 9 टक्के चर्चकर पगारातून परस्पर कापतात. गोव्याच्या माझ्या एका मैत्रिणीनं सवयीनं ‘कॅथलिक’ लिहिलं. पहिली पगारपावती हातात आली तेव्हा तिला त्या एका शब्दाची किंमत कळली.

आमचं गाव स्टुटगार्टपासून लोकलनं अर्ध्या तासावर. चाकण आणि नाशिककडचे इंजिनिअर या भागात बरेच भेटतात. मोटारी आणि त्यांचे सुटे भाग हाच इथला मोठा उद्योग, त्यामुळे ते ओघानंच आलं. स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी-शहरं आहेत, आणि 1907 साली मादाम कामांनी परदेशी भूमीवर हिंदुस्थानचा झेंडा फडकवला तोही याच शहरात. पण खिडकीपलीकडच्या बाईंना यातलं काही सांगून उपयोग नसतो. त्यांना क्रमानं लावलेले कागद हवे असतात.

आम्ही आलो इंग्लंडमधून. माझ्या नोकरीवर ब्लू कार्ड, नवरा कुटुंबीय म्हणून. ब्लू कार्डाला पदवी आणि ठरावीक पगार लागतो. 2025 साठी ही मर्यादा वर्षाला 48,300 युरो होती, मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांसाठी थोडी कमी. या कार्डाचे खरे फायदे दोन. जोडीदाराला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर लगेच नोकरी करता येते. शिवाय कायमचा रहिवास 27 महिन्यांत मिळू शकतो, जर्मन बी-1 पातळीपर्यंत येत असेल तर 21 महिन्यांत. भाषेच्या शिकवणीवर खर्च केलेले पैसे असे सहा महिन्यांच्या रूपानं परत मिळतात. माझ्या मते याहून चांगली गुंतवणूक इथे नाही.

पासपोर्टावर लागलेला डी-व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून प्लास्टिकचं कार्ड मिळवायचं. बोटांचे ठसे, विम्याचा दाखला, पगारपावत्या, आनमेल्डुंग. आमच्या वेळी कागदी फोटो चालला. मे 2025 पासून फोटो डिजिटलच लागतो, कार्यालयात किंवा मान्यताप्राप्त स्टुडिओत काढलेला. कार्ड बर्लिनमध्ये छापून येतं, त्यात आठवडे जातात. मध्येच व्हिसा संपत असेल तर मुदतीच्या आत अर्ज करून फिक्ट्सिओन्सबेशायनिगुंग मागून घ्यायचं. निर्णय होईपर्यंत तुमचा रहिवास कायदेशीर ‘मानला’ आहे, असं सांगणारा हा कागद. खिशात तो नसेल तर भारतात लग्नाला जाण्याचं तिकीट काढू नये.

भारतातल्या कागदांचं एक सांगून ठेवते. 2005 साली भारत अपोस्टिलच्या करारात सामील झाला, पण जर्मनीनं त्याला हरकत घेतली. त्यामुळे मंत्रालयातून अपोस्टिल करून आणलेल्या विवाह प्रमाणपत्राला इथे ती किंमत मिळेलच असं नाही, वेगळी पडताळणी मागू शकतात. त्यात आपली मराठी नावं. पासपोर्टात माझं पहिलं नाव म्हणजे माझं अधिक वडिलांचं. परिणामी इथल्या दवाखान्यात मला कधीकधी वडिलांच्या नावानं हाक मारतात. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

माणसांचं एवढ्यावर निभावलं. आता गाडी.

आमच्याकडे 2018 सालची एक निळी गोल्फ होती, कोव्हेंट्रीत सेकंडहँड घेतलेली. जर्मनीचं नक्की झाल्यावर बाबांचा पहिला प्रश्न : “अगं, ती विकून टाका की. तिकडं गाड्यांची कमी आहे का?” बरोबरच होतं त्यांचं. पण तिच्यातून आम्ही स्कॉटलंड पाहिलं होतं, लेकीला दवाखान्यातून घरी आणलं होतं. शिवाय सेकंडहँड गाडीचा इतिहास आपल्याला माहीत असणं हीसुद्धा एक श्रीमंतीच.

ब्रेक्झिटच्या आधी हे काम सोपं होतं. 2020 च्या अखेरीपर्यंत ब्रिटन युरोपच्या कस्टम हद्दीत होतं, त्यामुळे इंग्लंडची गाडी जर्मनीत आणली तर नोंदणी तेवढी बदलायची. 2021 पासून तीच गाडी परक्या देशातली आयात ठरते. आयात म्हणजे 10 टक्के कस्टम ड्यूटी, आणि गाडीची किंमत अधिक ड्यूटी यावर 19 टक्के कर. 12,000 युरोंच्या गाडीवर 1,200 ड्यूटी, मग 13,200 वर 2,508. झाले 3,700 च्या वर. इतके पैसे भरून सात वर्षांची गाडी आणणं हा निव्वळ वेडेपणा.

यातून सुटकेची वाट आहे. बिऱ्हाड हलवणाऱ्याचं सामान, म्हणजे उबरझीडलुंग्सगुट. घरातल्या कुकरपासून दारातल्या गाडीपर्यंत वापरातल्या वस्तू करमुक्त आणता येतात. अटी मोजक्या आहेत, पण प्रत्येक अट तारखेवर बेतलेली. युरोपीय संघाबाहेर तुम्ही सलग किमान 12 महिने राहिलेले असायला हवेत. गाडी तिथला मुक्काम सोडण्याआधी किमान सहा महिने तुमच्या ताब्यात आणि वापरात हवी. नव्या देशात राहायला आल्यापासून 12 महिन्यांत ती आत यायला हवी. आणि आणल्यावर आणखी 12 महिने ती विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, गहाण ठेवायची नाही, उसनीसुद्धा द्यायची नाही.

शेवटची अट अगदी शब्दशः घ्या. वरच्या मजल्यावरच्या सांगलीच्या मुलानं एका शनिवारी आयकियातून पलंग आणायला गाडी मागितली. “वहिनी, दोन तासांचं काम आहे फक्त.” नवऱ्यानं स्वतः गाडी काढली, त्याला शेजारी बसवून पलंग आणून दिला. कायद्यात बसलं आणि शेजारधर्मही झाला.

फसगत होते ती आणखी एका ठिकाणी. इंग्लंडच्या नंबर प्लेटवर गाडी इथे सहा महिने आरामात फिरवता येते, असं कुणीतरी सांगतं. ते पाहुण्यांसाठी. तुम्ही इथले रहिवासी झालात की कस्टमच्या दृष्टीनं ती गाडी पाहुणी राहत नाही. आनमेल्डुंगवर सही झाली त्या दिवसापासून ती बिनकागदाची आयात. म्हणून घर नोंदवलं की पुढचं काम गाडीचं.

कस्टमला इथे त्सोल म्हणतात. गावाजवळच्या एका छोट्या त्सोल कार्यालयात आम्ही 0350 क्रमांकाचा फॉर्म भरून गेलो. समोरच्या साहेबांनी जर्मनीतल्या आयुष्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, सगळी चौकशी कोव्हेंट्रीची. तिथला भाडेकरार, कौन्सिल टॅक्सची बिलं, पगारपावत्या, घर सोडल्याचं पत्र. नव्या देशात शिरायला जुन्या देशातलं आयुष्य सिद्ध करावं लागतं, हे मला तिथे पहिल्यांदा नीट उमगलं. इंग्लंड सोडताना ‘आता कशाला हवं’ म्हणून मी जो कागदांचा गठ्ठा रद्दीत टाकायला निघाले होते, त्यातला निम्मा त्या टेबलावर कामी आला.

मग गाडीचं ब्रिटिश नोंदणीपत्र. नवरा अभिमानानं ते पुढे करतो, साहेब चष्मा वर करून वाचतात आणि पेन्सिलीचं टोक एका ओळीवर टेकवतात. हे मालकीचं प्रमाणपत्र नाही, असं त्याच कागदावर छापलेलं आहे. खरंच छापलेलं असतं. ब्रिटनमध्ये नोंदणी गाडी सांभाळणाऱ्याच्या नावे होते, मालक वेगळा असू शकतो. मालकी सिद्ध करायची तर खरेदीची पावती. तीन वर्षांपूर्वीची पावती! नवऱ्यानं तिथेच बाकावर बसून मोबाइलवर जुन्या ईमेल चाळल्या. पाऊण तासानं सापडली, तारखेसकट. तिच्यावरूनच सहा महिन्यांची अटही सिद्ध झाली. दर वर्षीच्या एमओटी तपासणीचे दाखले मी सहज जोडले होते. त्यात प्रत्येक वर्षीचे मैल नोंदलेले असतात, आणि साहेबांना सगळ्यात जास्त आवडले तेच.

याच नोंदणीपत्राचं आणखी एक. देश सोडताना त्यातला कायमच्या निर्यातीचा भाग तेवढा ब्रिटिश नोंदणी कार्यालयाला पाठवायचा, बाकीचं मूळ पत्र बरोबर आणायचं. घाबरून सगळंच पोस्टात टाकणारे लोक आहेत. पुण्याची एमएच-12 बंगळुरूला नेताना आरटीओची एनओसी काढलेल्यांना वेगळं सांगायला नको : गाडी जिथून निघते तिथला कागद हाच तिचा पासपोर्ट. आणि युरोपची कस्टम हद्द कॅलेलाच सुरू होते. तेव्हा फेरीचं तिकीट काढायच्या आधीच जर्मन त्सोलला लेखी विचारा, की गाडी कशी आणायची आणि कुठे जाहीर करायची. उत्तर छापून गाडीत ठेवा.

सगळं मान्य झालं की त्सोल एक ना-हरकत पत्र देतं. त्याशिवाय नोंदणी कार्यालय दारात उभं करत नाही.

पुढचा मुक्काम ट्यूफ, म्हणजे तांत्रिक तपासणी. गाडी युरोपीय प्रमाणाची आहे हे सांगणारं उत्पादकाचं प्रमाणपत्र, सीओसी, हाताशी असेल तर काम पुष्कळ हलकं होतं. नसेल तर तपासनीस गाडीचं नखशिखांत परीक्षण करतो. आम्ही ते आधीच मागवलं होतं. तरी अडलं ते दिव्यांवर.

तपासनीस मुलगा जेमतेम पंचविशीचा. त्यानं चाकांवरची एक पेटी गोल्फच्या नाकासमोर आणली, भिंगातून डोकावला आणि मला बोलावलं. पेटीच्या पडद्यावर प्रकाशाची आडवी रेघ, डाव्या टोकाला वर चढलेली. इंग्लंडमध्ये वाहतूक डावीकडून, त्यामुळे दिवा डाव्या कडेची पाटी, पायवाट उजळतो. इथे वाहतूक उजवीकडून. तोच वर चढलेला झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार. त्यावर स्टिकर चिकटवून सुट्टीवर आलेला पाहुणा वेळ मारून नेतो, कायमच्या नोंदणीला ते चालत नाही. दोन्ही हेडलाइट बदलावे लागले, आणि अख्ख्या प्रकरणात सर्वांत मोठा खर्च तोच ठरला. मागचा धुक्याचा दिवाही उजवीकडचा डावीकडे घ्यावा लागला. स्पीडोमीटरवर मैलांबरोबर किलोमीटर होते, तेवढ्यावर सुटलो. स्टिअरिंग उजवीकडे आहे याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

उरलेलं भराभर झालं. विमा कंपनी एक सात अक्षरांचा क्रमांक देते, तो नोंदणीला लागतो. इंग्लंडच्या विमा कंपनीकडून ‘इतकी वर्षं दावा नाही’ असं पत्र आठवणीनं आणा. काही जर्मन कंपन्या ते मानतात आणि हप्ता बराच उतरतो. वाहनकर बँकेतून परस्पर कापून घेण्याची परवानगी द्यावी लागते. तो कर 2014 पासून त्सोलच गोळा करतं, म्हणजे पुन्हा तेच कार्यालय.

नंबर प्लेट करून देणारी दुकानं नोंदणी कार्यालयाच्या आसपास असतात, आपल्याकडच्या आरटीओबाहेर झेरॉक्सवाले असतात तशी. आजीबाईंनी पत्र्याची पट्टी यंत्रात सरकवली, दांडा खाली ओढला, अक्षरांचा उठाव काळ्या रंगाच्या रुळावरून फिरवला. दोन मिनिटांत प्लेट हातात, अजून कोमट. ती घेऊन परत आत जायचं, तिथे सरकारी शिक्का चिकटवतात, मागच्या प्लेटवर पुढच्या तपासणीचा गोल स्टिकर. काचेवर लावायच्या हिरव्या पर्यावरण-चिकटीवर कार्यालयातल्या बाईंनी पेनानं आमचा नवा नंबर लिहिला. ती असल्याशिवाय स्टुटगार्टमध्ये गाडी नेता येत नाही. तिथे जुन्या डिझेल गाड्यांना 2019 पासून बंदीच आहे, डिझेलवाल्यांनी ते आधी तपासावं.

मग हे सगळं करावं का? गाडी जुनी असेल, कागद अर्धवट असतील किंवा इथे दोन वर्षंच राहायचं असेल, तर बाबांचं ऐका, विकून या. आमच्या पेट्रोल गोल्फचे सगळे कागद शाबूत होते, म्हणून परवडलं, आणि तेसुद्धा काठावर. उजव्या स्टिअरिंगची गाडी पुढे भारतात नेऊ, हा हिशेब करूच नका. वापरलेल्या गाडीवर तिथे बसणारा कर गाडीच्या किमतीलाही मागे टाकतो.

नवीन प्लेट लावून पहिल्यांदा गेलो ते बाजारातल्या बहुमजली पार्किंगमध्ये. तिकिटाचं यंत्र डावीकडे, नवरा उजवीकडे. शेजारच्या सीटवरून मी काच खाली करून हात लांबवला, पोचेना. पट्टा सोडून कमरेपर्यंत बाहेर झुकले तेव्हा कुठे बटण दाबलं गेलं. मागच्या गाडीतल्या काकूंनी हॉर्न वाजवला नाही. त्या बघत होत्या, आणि आमच्या जर्मन नंबर प्लेटकडे पुन्हा पुन्हा बघत होत्या.

पुढच्या आठवड्यात : भारतीय लायसन्स इथे सहा महिन्यांनी चालेनासं होतं, आणि वीस वर्षं पुण्यात गाडी चालवलेला माणूस पुन्हा ‘एल’ शिकायला बसतो, त्याची हकीकत.