डॉक्टरांनी 'चाला' सांगितलं, पण वर्षभरानंतर रुग्ण चालतोय का?

"शुगर वाढलीय, रोज चालत जा." दवाखान्यात हा सल्ला अनेकांना मिळतो. काही देशांत डॉक्टर तोंडी सांगून थांबत नाहीत, गोळ्यांसारखी व्यायामाचीही चिठ्ठी लिहून देतात. न्यूझीलंडमध्ये अशी 'ग्रीन प्रिस्क्रिप्शन' योजना १९९८ पासून आहे. पण या चिठ्ठीचा उपयोग होतो की नाही, हे कसं कळणार?

हजेरीचा आकडा फसवा

किती चिठ्ठ्या दिल्या, किती जण आले, हे मोजणं सोपं. पण मुळात हौस असलेलेच शेवटपर्यंत टिकतात. मध्येच सोडून गेलेले हिशेबात धरले नाहीत, तर योजना आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

वेल्समध्ये काय केलं?

ब्रिटनमधील वेल्समध्ये २,१६० रुग्णांची सोडत काढावी तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला १६ आठवडे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम, तर दुसऱ्याला नेहमीचे उपचार आणि माहितीपत्रक. वर्षभरानं दोन्ही गटांची तुलना झाली. हृदयविकाराचा धोका असलेल्यांची हालचाल वाढली होती. मानसिक त्रासासाठी पाठवलेल्यांची हालचाल फारशी वाढली नाही, पण त्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालं होतं. फक्त हालचाल मोजली असती, तर हा फायदा दिसलाच नसता.

शेतातलं काम धरायचं का?

आपल्याकडे आशाताई तीस वर्षांवरील लोकांचा आरोग्य तपासणीचा फॉर्म भरतात. आठवड्यात किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का, हा प्रश्न त्यातही आहे. "व्यायाम करता का?" असं विचारलं, तर दिवसभर खुरपणी करणारी बाई "नाही" म्हणेल. जागतिक आरोग्य संघटना मात्र कामातली हालचालही धरते. शिवाय सुगीतलं उत्तर वेगळं, भर उन्हाळ्यातलं वेगळं. त्यामुळे तुलना वर्षभरानं, त्याच हंगामात केलेली बरी.

ग्रामसभेत हे विचारा

गावात असा उपक्रम सुरू झाला, तर चार प्रश्न विचारता येतील:

- सुरुवातीची नोंद घेतली का?
- मध्येच कोण गळालं आणि का?
- वर्षानंतर पुन्हा विचारणार का?
- उपक्रमात नसलेल्यांशी तुलना होणार का?

उत्तरं मिळाली नाहीत, तर उद्घाटनाचा फोटो राहील. शुगरवाल्याला फायदा झाला का, ते कुणालाच कळणार नाही.